ठराव क्रमांक चार

९ सप्टेंबर
सकाळी दोन्ही पेपर वाचून झाले. एकातलं संपादकीय बरं होतं, दुसऱ्यात नुसते वाढदिवसाचे फोटो. आमच्या आळीत दुसऱ्या कुणाकडे पेपर येत नाही. माझा वाचून झाला की शेजारची सोनाबाई मागून नेते, भाकरी बांधायला. आज म्हटलं, अगं निदान कुणाकडून ठळक तरी वाचून घेत जा. "त्यात काय ऱ्हातंय बाई, तीच तीच तोंडं." आणि घेऊन गेली.
दुपारी टीव्हीवरच्या चर्चेशी भांडले. बत्तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, वीस मार्कांचा विषय. परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरं पाठ करायची, दुसऱ्या दिवशी विसरायची. मोठी होऊनही तशीच राहिली. लोकांना कशाचं काही पडलेलं नाही.
सुभद्रा (शाळेत खिचडी शिजवते ती) शाळा समितीचं बुक घेऊन आली. सही केली. तिला चहा दिला. साखर संपलीय, आणायची.

१७ सप्टेंबर
मुक्तिसंग्राम दिन. शाळेत झेंडा. मु.अ.नी (नाईकनवरे सर, मुख्याध्यापक) चार शब्द बोला म्हणून गळ घातली. चारचे चाळीस झाले. बोलले की निजाम गेला, पण प्रजा राहिली, नागरिक अजून व्हायचेत. मत विकू नका. वाचा. विचारा. कागदावर काय लिहिलंय ते विचारल्याशिवाय पुढाऱ्याला दारातून हलू देऊ नका.
बाप्ये लिंबाखाली मोबाईल बघत होते. बायांमध्ये फक्त कौसा पुढे बसलेली, मांडीवर लहानगा ओम, माझ्याकडे टक लावून. सोनाबाईची ही सून. तिची आश्विनी सातवीत, करन दुसरीत. आश्विनीने आज प्रतिज्ञा सांगितली, एकदाही न अडखळता. 
भाषण चांगलं झालं असं मु.अ. म्हणाले. मलाही वाटलं.

२ ऑक्टोबर
ग्रामसभा होती. गेले नाही. ऊन, आणि गुडघा. कोण जातं तिथे, पाच-सात डोकी आणि ग्रामसेवक. रजिस्टर नंतर घरी येतंच सहीला.
संध्याकाळी मुलाचा फोन, पुण्याहून. सूनबाईला डिसेंबरचे दिवस दिलेत. जावं लागेल. जायचंय.

१५ ऑक्टोबर
कौसा आली. दसरा झाला, आता यांची बांधाबांध सुरू. दिवाळीनंतर भागवत (नवरा) आणि ती, दोघं मिळून एक कोयता (मुकादम मजूर असा जोडीनेच धरतो), सांगलीकडच्या कारखान्यावर ऊसतोडीला. दरवर्षीसारखं पाडव्यापर्यंत.
"बाई, औंदा वस्तीगृह कवा चालू व्हायचं?"
म्हणजे हंगामी वसतिगृह. वसतिगृह कसलं, आईबाप तोडीला गेलेली पोरं दोन वेळा शाळेत जेवतात आणि झोपायला आजीआजोबांकडे. पण तेवढ्यावर पंधरा-वीस लेकरं गावात राहतात, नाहीतर जातात उसाच्या फडात.
मी म्हटलं, होईल की दिवाळीच्या सुट्टीनंतर, दरवर्षी होतं.
"म्हाताऱ्या सासूच्यानं दोन टायमाचं व्हत न्हाई. तेवढं बघा तुमी. तुमी हायत समितीत."
"तू निर्धास्त जा," म्हणाले. समितीत तीसुद्धा आहे, पालक सदस्य म्हणून. तिच्या ते लक्षातही नसावं.

५ नोव्हेंबर
कौसाचा ट्रक गेला. भांडी, बाजल्याच्या दोऱ्या, दोन शेळ्या, पत्रे, सगळ्यात वर गाठोड्यांवर बाया. आळीतली निम्मी घरं कुलपात. ओमला कडेवर घेऊन कौसा खाली वाकली आणि आश्विनीच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, बाईंचं ऐकत जा. आश्विनी रडली नाही. करन ट्रकमागे पळत वेशीपर्यंत गेला आणि एक चप्पल हरवून आला.
मला सुनं वाटतंय. दरवर्षी वाटतं, दोन दिवसांत सवय होते.

१३ नोव्हेंबर
शाळा सुरू होऊन तीन दिवस झाले, संध्याकाळच्या जेवणाचा पत्ता नाही. मुलं दुपारची खिचडी खाऊन घरी. सोनाबाई म्हणाली, ज्वारी सरत आली. 
शाळेत गेले. मु.अ. एकटेच, चार वर्ग एका खोलीत, टेबलावर मतदार याद्यांचे गठ्ठे. विचारलं, जेवण कधी सुरू?
म्हणाले, "बाई, यंदा नाही. ठराव तसा झालाय ना."
"कुठला ठराव?"
त्यांनी बुक काढलं. पान उघडून माझ्यासमोर ठेवलं.
जसं होतं तसं इथे उतरवते, म्हणजे मला नंतर वेगळं आठवायला नको.
"ठराव क्र. ४. ऊसतोडीस जाणाऱ्या पालकांच्या पाल्यांची सोय नातेवाईकांकडे झालेली असल्याने चालू वर्षी हंगामी वसतिगृहाची आवश्यकता नाही. सूचक –" आणि माझं नाव. "अनुमोदक – सौ. कौसाबाई भागवत." सर्वानुमते मंजूर. तारीख ९ सप्टेंबर.
खाली नऊ सह्या. तिसरी माझी, वळणदार. सातवी कौसाची. मोठ्ठी अक्षरं, ओळ सोडून वर चढलेली, "कौ"च्या दोन्ही मात्रा कोरल्यासारख्या. त्या मात्रा मी शिकवल्या. पाच वर्षांपूर्वी प्रौढांचा वर्ग घेत होते तेव्हा. एक महिन्यात सह्या करायला लागल्या बाया, वर्ग बंद झाला. पुढचं वाचन राहूनच गेलं. मला तेव्हा काही विशेष वाटलं नव्हतं.
म्हणजे पोरांचं जेवण बंद करा असं मी सुचवलं आणि त्यांच्या आईनं त्याला मान हलवली. आम्ही दोघींनी. कागदावर तरी असंच.

१३ नोव्हेंबर, नंतर
मु.अ.शी भांडले. ते भांडले नाहीत. मागल्या साली जेवणाच्या ठेक्यावरून गावातल्या दोन पार्ट्यांत मारामाऱ्या, तक्रारी, चौकशी, त्यांच्या दोन वेतनवाढींवर गदा येता येता राहिली. दोन वर्षं राहिलीत रिटायर व्हायला. "मला झेपत नाही बाई. म्हणून लिहिलं. सुभद्राबरोबर बुक पाठवलं तेव्हा पान कोरं होतं, हे खरंय. पण तुम्ही विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. कुणीच विचारलं नाही. नऊपैकी एकानंही."
मग हळूच म्हणाले, "सूचक म्हणून तुमचं नाव घातलं कारण तालुक्याला शंका येत नाही. शिकलेल्या सदस्य."
घरी येऊन बसून राहिले. कुकरची शिट्टी मोजायची राहिली, डाळ करपली.

१५ नोव्हेंबर
तालुक्याला जाऊन आले, जीपने. कचेरीतला बाबू नीट बोलला, खुर्ची दिली. प्रस्तावाची मुदत गेली. गावानेच नको म्हटलंय, आता वरून कसं द्यायचं? समितीची विशेष सभा घ्या, नवा ठराव पाठवा, वर कळवतो, बघू. 
सभेला निम्म्याहून जास्त पालक सदस्य लागतात. ते सगळे फडात.
मी ठरवलं, तोवर आश्विनी आणि करन माझ्याकडे जेवतील. बाकीच्यांचं? बाकीची तेरा-चौदा लेकरं आहेत. बाकीच्यांचं काय ते सुचत नाही.

१८ नोव्हेंबर
तीन दिवस दोघं जेवली. आश्विनी भांडी घासून ठेवते, नको म्हटलं तरी. आज सोनाबाई दारात येऊन म्हणाली, "रोज रोज कसं बाई. लोक बोलत्यात." भागवतचा फोन आला होता म्हणे. मतदानाला गाडी येणार आहे, तेव्हा पोरांना घेऊन जातो. ओमला फडात सांभाळायला कुणी नाही, आश्विनी सांभाळील.
मी म्हटलं, मी बोलते कौसाशी.

२० नोव्हेंबर
मतदान.
सकाळी आठलाच गाड्या आल्या. टेम्पो, पिकअप, एक मोठी बस. उमेदवारांनी पाठवलेल्या, कुणाची कुठली ते काचेवरच्या कागदावरून कळत होतं. रातभर प्रवास करून माणसं उतरली, अंगाला उसाचं चिकट, डोळे लाल. थेट रांगेत. आमच्या बूथवर दुपारपर्यंतच मागच्या वेळेइतकं मतदान झालं, मु.अ. सांगत होते. मी किती वर्षं ओरडतेय, शंभर टक्के मतदान व्हावं. होत होतं.
कौसा मत देऊन आली. बोटाची शाई दाखवून हसली. "तुमी सांगितल्यावानी केलं बघा बाई. कुनाचं ऐकलं न्हाई, माझ्या मनानं दिलं."
मी म्हटलं, आश्विनीला नेऊ नकोस. माझ्याकडे राहू दे.
"तिला ठेवलं तर करनलाबी ठेवावं लागंल. दोघांनाबी ठेवता का? पाडव्यापस्तोर?"
आणि मी लगेच बोलले नाही. एवढंच झालं. गुडघा आठवला, डिसेंबरातलं पुणं आठवलं, बाळंतपण, तिकीट. दोन श्वास लागले असतील. मग हो म्हणाले, खरंच म्हणाले, पुण्याचं पुढे ढकलते म्हणाले. पण तिनं ते दोन श्वास बघितले होते.
"ऱ्हाऊ द्या बाई. तुमालाबी तुमचं हाय." राग नव्हता. 
मग विचारलं तिनं, पिकअपमध्ये बोचकं टाकता टाकता. "पर वस्तीगृह बंद कामून केलं वो? कुनी केलं?"
मी म्हटलं, "सरकारचं असतं. काय सांगायचं."
हे मी म्हटलं. मी. पाचला गाड्या परत निघाल्या. जिनं मत दिलं तिला परत न्यायला वेळेवर गाडी. आश्विनी मागच्या फळकुटाला टेकून बसली, मांडीवर दप्तर, कडेला करन. दप्तर का घेतलंस विचारलं तर म्हणाली, "तिकडं वाचीन की बाई." गेली.
बाकीची लेकरंही त्याच गाड्यांतून गेली. आळीत आता आजी-आजोबा आणि मी.

२१ नोव्हेंबर
बोटाची शाई साबणाने जात नाही. आज पेपर उघडला नाही.

९ डिसेंबर
शाळेत गेले. पटावर नजर टाकली, टाकायला नको होती. आश्विनी: हजर, हजर, हजर. वीस नोव्हेंबरनंतरही रोज. करनही. मु.अ. म्हणाले, गैरहजर दाखवली तर प्रश्न येईल, गावातली मुलं गेली कुठे, तुम्ही तर ठरावात लिहिलंय सोय झालीय.
बरोबरच आहे. एक खोटं सांभाळायला दुसरं लागतं आणि पहिलं माझ्या नावावर आहे. कागदावर आश्विनी रोज शाळेत येते, खिचडी खाते आणि रात्री आजीकडे झोपते.

१८ डिसेंबर, पुणे
नात झाली. दोघी सुखरूप. बाळाला मांडीवर घेतलं आणि रडू आलं, सूनबाईला वाटलं आनंदाचं. आनंदाचं होतंच. पण सगळं नव्हतं.
मुलाला सांगून टाकलं. तो म्हणाला, "आई, तू एकटीने केलंस का, आपल्या सोसायटीच्या मीटिंगच्या कागदावर मीपण न वाचता सही करतो." त्याला मला बरं वाटायला हवं होतं.

२६ जानेवारी
परत आल्यापासून या दिवसाची वाट बघत होते. ग्रामसभेला गेले. आयुष्यात पहिल्यांदा, हे लिहायला लाज वाटते. अकरा माणसं. सतरंजीवर ऊन आलं तशी माणसं सरकत गेली. वीजबिल, नाली, हायमास्ट. मग मी उभी राहिले. 
सांगितलं. कोऱ्या पानावर सही केली, त्यावर काय लिहिलं गेलं, कुणाची लेकरं गेली. नवा ठराव हवा, पुढच्या वर्षी तरी असं व्हायला नको.
सरपंच म्हणाले, हा शाळा समितीचा विषय, आपण पुढच्या सभेत घेऊ. ग्रामसेवकानं वहीत काही लिहिलं. काय लिहिलं विचारलं, त्यानं वही दाखवली: "चर्चा झाली."
शाळा समितीतले म्हातारे विठोबाअण्णा जाता जाता थांबले. टोमणा नव्हता त्यांच्या मनात, तसे ते साधे. म्हणाले, "बाई, तुमी वाचणारी मानसं. तुमची सही दिसली की आमी खाली ठोकतो. म्या बी तसंच केलतं. तुमीच न्हाई वाचलं म्हनल्यावर…" आणि पुढचं वाक्य सोडून काठी टेकत गेले.
संध्याकाळी शिपाई रजिस्टर घेऊन दारावरून चालला होता, सभेला न आलेल्यांच्या सह्या घ्यायला. माझी तर झालेली. त्याला म्हटलं, पुढे जाऊ नकोस, जे आले नाहीत ते आले नाहीत. हसला. "मंग कोरम कसा व्हनार, बाई." गेला पुढे. सोनाबाईनं अंगठा दिलेला मी खिडकीतून बघितला. धावत जायला हवं होतं. गुडघा.

११ फेब्रुवारी
भागवतच्या फोनवरून आश्विनीचा फोन. फडातलं वारं ऐकू येत होतं. ओम मांडीवर असावा, मध्येच ओढत होता.
काय करतेस दिवसभर? "सकाळी भाकरी करते. मंग ओमला सांभाळते. दुपारी आईला मोळ्या बांधू लागते." करन? "करन उसाचे वाढे गोळा करतो, बैलाला." शाळा? "हाय एक, लई लांब."
मग तिनं विचारलं, "बाई, वर्गात कितवा धडा चालूय?"
मला माहीत नव्हतं. खोटं सांगितलं, अकरावा. आणखी एक खोटं. "माझा सहावा झालाय," म्हणाली. "पुढचा अवघड हाय. इथं कुनाला येत न्हाई." मी फोनवरूनच समजावून सांगायला लागले, दोन ओळी झाल्या, फोन कट. परत लावला, लागला नाही.

२ एप्रिल
पाडवा होऊन तीन दिवस. आले सगळे. आळीत परत धूर, भांडणं, शेळ्या. आश्विनी उंच झालीय आणि काळवंडलीय. केस कापलेत, उवा झाल्या होत्या म्हणे. अंगणात धुणं आपटत होती. मला बघून उभी राहिली, पूर्वी हसायची तसं नाही. 
सोनाबाई म्हणाली, मुकादमाच्या पाहुण्यांतून पोरीला सांगून आलंय. जोडी झाली की पूर्ण कोयता. मी म्हटलं, तेरा वर्षांची आहे ती. "म्या कुठं म्हनते द्या म्हनून. सांगून आलंय तेवढं सांगितलं." कौसा आत होती, ऐकत होती.

६ एप्रिल
आज सांगितलं. चार महिने मनात शब्द जुळवत होते.
कौसा पीठ चाळत होती. मी जोत्यावर बसले. म्हटलं, वसतिगृह सरकारने बंद केलं नव्हतं. आम्ही केलं. ठराव झाला होता, आवश्यकता नाही असा. सुचवणारी म्हणून माझं नाव आहे.
चाळणी थांबली नाही.
"आन कुनाकुनाचं हाय?"
मी जोत्यावर सांडलेलं पीठ बोटाने गोळा केलं.
"माझं हाय?"
हो म्हटलं. अनुमोदक म्हणजे काय ते सांगितलं. म्हणजे बाईंनी म्हटलं ते बरोबर आहे, असं म्हणणारी.
तिनं चाळणी झटकली. कोंडा बाजूला काढला. मग म्हणाली, "सुभद्राबाई बुक घिऊन आली तवा म्या तिला इचारलं व्हतं, काय हाय. ती म्हनली बाईंची सही हाय बघ वर. मंग केली." पुढची मूठ चाळणीत टाकत: "सही करायला लागल्यावर म्या लई खूस व्हते. अंगठा गेला माझा. राशनच्या दुकानात, ब्यांकेत, कुटंबी करायचे, कुनी म्हनलं न म्हनलं तरी."
मी माफी मागितली. शब्द तोंडातून निघाला. तिनं माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदा.
"त्या दिशी म्या तुमाला इचारलं व्हतं बाई. गाडीत बसताना. कुनी केलं म्हनून. तुमी म्हनला सरकारनं."
मग आत गेली. करन पाणी घेऊन आला, आतून पाठवलं असावं. प्यायले आणि उठले. घरी आल्यावर जेवले नाही. मला ती शिव्या देईल असं वाटत होतं, मी त्याची तयारी करून गेले होते.

२४ एप्रिल
शाळा समितीच्या सभेसाठी मु.अ.ना लेखी अर्ज दिला, पोच घेतली. आता पोच घेतल्याशिवाय कागद देत नाही. त्यांनी जूनची तारीख दिली. घरोघर सांगत फिरतेय. "सभेला या, बुक घरी येणार नाही." बहुतेकांचं एकच: "तुमी हायत न्हवं बाई, करा आमच्यापन नावाची." एक तरुण पालक म्हणाला, व्हॉट्सॲपवर टाका, अंगठा दाबतो.
कौसाच्या दारात गेले. तिला म्हटलं, नवा ठराव करायचाय, ये. ती म्हणाली, बघू.
आश्विनीच्या लग्नाचं विचारलं नाही. ग्रामसेवकाच्या कानावर घालून ठेवलंय (बालविवाह रोखायचं काम त्याचंच), ते कौसाला कळलं तर ती काय म्हणेल हे माहीत नाही. हेही तिला सांगायला हवं. या वेळी आधी.

२७ एप्रिल
सांगितलं. म्हणाली, "बरं केलं." एवढंच. चांगल्या अर्थाने की वाईट, कळलं नाही.

१९ जून
शाळेत सभा. नऊपैकी सहा सदस्य आले. गेल्या कित्येक वर्षांत एवढे एका खोलीत बसले नसतील, मु.अ.च म्हणाले. ते आज नरम होते. बुक टेबलावर, नवा ठराव त्यांनी आधीच लिहून आणला होता, पूर्ण, कोरं काही नाही. या वर्षी हंगामी वसतिगृह आवश्यक आहे, लाभार्थी मुलांची नावं खाली, सर्वेक्षण दिवाळीच्या आधी. चांगला ठराव. मी दोनदा वाचला.
कौसा उशिरा आली. बरोबर आश्विनी. दारात चपला काढून कोपऱ्यात बसली, माझ्या शेजारी जागा होती तरी.
सह्या सुरू झाल्या. बुक कौसाकडे गेलं. तिनं पेन घेतलं नाही. मी म्हटलं, थांब, वाचून दाखवते.
"तुमी नका वाचू, बाई."
मोठ्यानं नाही म्हणाली. पण सगळ्यांनी ऐकलं. मु.अ. टेबलावरचा कागद सारखा करत राहिले. मी हात मागे घेतला. बत्तीस वर्षांत मला कुणी वाचू नका म्हटलं नव्हतं.
मग तिनं बुक आश्विनीपुढे सरकवलं. "तू वाच."
आश्विनीनं ओळीखाली बोट धरलं. मागच्या सप्टेंबरात जी पोर झेंड्यासमोर न अडखळता प्रतिज्ञा म्हणत होती तिला "सर्वेक्षण" सुटेना. "सर्… सर्वे…" मु.अ. मदत करायला गेले, कौसानं त्यांनाही थांबवलं. आम्ही सगळे बसून होतो. सुट्टीची घंटा झाली, पोरं अंगणात पळाली, सुभद्रा दारातून डोकावून गेली. आश्विनी घामेजली. शब्द शब्द करत शेवटपर्यंत गेली. नावांची यादी आली तिथे मात्र सरसर वाचलं. करन भागवत. मग आणखी चार. मग पुढची. तिचं स्वतःचं नाव नव्हतं. आमच्या शाळेत सातवीपर्यंतच. आठवीला बाहेर जावं लागतं, त्या मुलांना हा ठराव लागू होत नाही. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि मी दोनदा वाचला होता.
कौसा म्हणाली, "परत वाच."
आश्विनीनं परत वाचलं. या वेळी "सर्वेक्षण" सुटलं.
"हिचं नाव कामून न्हाई?" कौसानं मु.अ.ना विचारलं. त्यांनी नियम सांगितला. तिनं ऐकून घेतला. मग, "मंग हिचं काय करायचं, ते बी लिवा. तवर माझी सही न्हाई." 
मु.अ. माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, लिहा, कौसाबाईंचा प्रश्न जसाच्या तसा लिहा, आणि तालुक्याला पाठवा. त्यांनी लिहिलं. आश्विनीनं तेही वाचलं. सभा पुढच्या गुरुवारपर्यंत तहकूब. पान अर्धं भरलेलं, खाली पाच सह्या.
येताना आश्विनी माझ्याबरोबर चालत होती, कौसा चार पावलं पुढे. शाळा उघडून तीन दिवस झालेत. आठवीत नाव घातलं का, विचारलं.
"आईला इचारा," म्हणाली.
मी हाक मारली. कौसा थांबली, पण वळली नाही. ऊन होतं, तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला. मी जवळ जाऊन तोच प्रश्न तिला विचारला.
"गुरवारी सांगते," म्हणाली.